येच आणि वेच

आमच्या घरात तोंडाआधी हात चालतो. बाप तसाच होता, भाऊ तसाच निघाला, आणि माझंही काही वेगळं नाही. उगीच साळसूदपणा कशाला दाखवू? मुकाट मार खाणारी फक्त वहिनी, आणि ती आमच्या घरातली नव्हतीच. कतारगामच्या गुजराती घरातली, हिऱ्याच्या कारागिराची मुलगी, भावानं पळवून आणलेली. हे सगळं झालं ते तिच्यापायी आणि माझ्या खेळण्यांपायी, म्हणून आधी खेळण्यांचं सांगते.

मी धुळ्याकडच्या माणसांतली, पण जन्म सुरतचा. बमरोलीत दोन खोल्या, खालच्या मजल्यावर मागांचं खातं. खातं म्हणजे कापड विणायचा कारखाना, भाऊ तिथंच कामाला. दिवसरात्र खडखड चालू. त्या खडखडाटानं भांडी मांडणीवरून सरकतात, देवाचा दिवासुद्धा कोनाड्याच्या कडेला येतो. माझ्या खेळण्यांतली माणसं फळीवर उभी केली की दोन-चार दिवसांत आपोआप चालत कडेपर्यंत यायची. मग मी त्यांच्या पायाखाली चिकटपट्टी लावायला शिकले.

ती खेळणी म्हणजे ठोकळे एकमेकांत बसवून बनवायचे संच. त्यातही मला हवेत ते फक्त महाबली लोकांचे. झगेवाले, मुखवटेवाले, छाती काढून उडणारे. आणि त्यातही असे, ज्यांचं उत्पादन कंपनीनं बंद केलंय. चालू माल कोणीही दुकानात जाऊन आणतो, त्यात काय मर्दुमकी! बंद झालेला शोधावा लागतो. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोदामात, अडाजणच्या एखाद्या बंगल्यात, जिथं पोरगा शिकायला परदेशी गेला आणि आईला कपाट रिकामं करायचंय. डबा अर्धा रिकामा निघतो. कधी माणसाची उजवी मूठ नसते, कधी पारदर्शक नारिंगी ज्वाळेचा तुकडा नसतो, पांढरे ठोकळे उन्हानं पिवळे पडलेले असतात, कापडी झग्याचे दोरे सुटलेले असतात. मग तो एक तुकडा मिळेपर्यंत जिवाला चैन नाही. काही लोक सीलबंद डबा तसाच ठेवून देतात. मी नाही बाई. मी आणला की आधी फोडते.

याची सुरुवात झाली ती मी सासर सोडून आले तेव्हा. नवरा मारायचा. ते इथं मी पिंजत बसत नाही, मारायचा एवढं पुरे. परत आल्यावर पहिली नोकरी लागली ती एका मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात. मालकानं एक डबा दिला आणि म्हणाला, जोडून काचेत ठेव, गिऱ्हाइकाला दिसू दे. आयुष्यात मी असलं खेळणं हातात धरलं नव्हतं. जोडलं तर एक इमारत झाली. मागं एक छोटी दांडी होती. ती दाबली की समोरची भिंत धाडकन फुटायची, ठोकळे सगळीकडे उडायचे आणि आतून मोठ्या मुठीचा एक बुटका माणूस बाहेर यायचा. मी दांडी दाबली. भिंत परत रचली, परत दाबली. दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी मी तिथं बसून भिंत फोडतेय. मालक म्हणाला, ‘‘बेन, घरे जवुं नथी?’’ घरी नव्हतं जायचं मला. मला ती भिंत फोडायची होती, आणि दर वेळी मनात मी कुणाचं तोंड फोडत होते ते सांगायला नको.

तेव्हापासून मी भिंत फुटणारेच संच जमवते. जो नुसता उभा राहून छाती दाखवतो तो महाबली मला नको. ज्याची दांडी दाबली की काहीतरी कोसळतं, तोच माझा.

एकदा ते दुकान बंद झालं, सगळा माल उतरत्या भावानं काढला. मी तेव्हा तिथली नोकरी सोडून एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन बसवायला लागले होते, पण बातमी कळल्यावर कशी थांबणार? धावतच गेले. कोपऱ्यात एकच डबा, पूल कोसळणारा. मी हात घातला तर दुसऱ्या बाजूनं एका गडी माणसाचा हात. तोही सोडेना, मीही सोडेना. तो म्हणाला, ‘‘बेन, छोडो.’’ मी म्हटलं, तूच सोड मेल्या. डब्याचं झाकण फाटलं, त्यानं जोर लावला, मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. रक्त आलं. दुकानातली पोरं हसायला लागली आणि तो माणूस हात झटकत डबा माझ्याकडे टाकून पळाला. सांगायचं एवढंच की माझ्या वस्तूला कुणी हात लावला की मी माणसात राहत नाही. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मायला तर चांगलंच ठाऊक होतं.

आता मायचं. बाप असताना आणि बाप गेल्यावरही मायनं भाजीची हातगाडी ओढली. कुठं? गुजराती सोसायट्यांतून. ‘‘ताजां रिंगणां, लीलां मरचां,’’ ताजी वांगी, हिरव्या मिरच्या, अशी हाळी द्यायची तर चौथ्या मजल्यावरची बाई खिडकीतून टोपली सोडायची. भाजीच्या दरावरून गुजरातीत अशी भांडायची की बायका कान धरायच्या. पण वहिनी घरात आली त्या दिवसापासून मायला गुजराती येईनासं झालं. ‘‘माले समजस नई,’’ म्हणायची, मला समजत नाही. वहिनी काही विचारायला आली की भिंतीकडे बघून, ‘‘माले तिन्ही भाषा समजस नई.’’ तिन्ही म्हणजे तिची. आम्ही हसायचो. मी तर वहिनीला म्हणायचे, सोंग आहे गं ते, सोंगाला काय भ्यायचं. हसण्यावारी नेलं ते आम्ही.

आणि वहिनीची काय कमाल सांगू! तिनं मराठी शिकायला सुरुवात केली. आमची घरातली अहिराणी नाही, शाळेतली मराठी, मोबाइलवरून. ‘‘आई, आपण जेवण घेणार का?’’ असं विचारायची. माय तोंड फिरवायची. पण मराठीत सांगितलेलं काम ती जिवावर घेऊन करायची, कारण गुजरातीत बोललं की सासू ऐकत नव्हती आणि न ऐकल्याचा राग भाऊ तिच्यावर काढत होता. भाऊ खात्यातून आला की आधी मायकडे बघायचा. मायचं तोंड पडलेलं दिसलं की वहिनीचे केस त्याच्या हातात. का, कशासाठी, काही नाही. लग्नाच्या वेळी वहिनीच्या काका-मामांनी त्याचं डोकं फोडलं होतं, तो हिशोब तो तिच्याकडूनच वसूल करत होता. मी मध्ये पडले की मलाही एक बसायची, मीही एक द्यायचे, आणि मग सगळे जेवायला बसायचे. असंच चाललं होतं.

गेल्या श्रावणात कानबाई आमच्या घरी बसणार होती. कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची देवी. नारळाला डोळे-नथ लावून तिला चौरंगावर बसवतात, रात्रभर गाणी होतात, भाऊबंद रोट खायला येतात. आमच्या भाऊबंदांत दर वर्षी एकेकाकडे बसते, त्या वर्षी आमची पाळी. घर धुवायचं, रंगवायचं, आणि चौरंग मांडायचा तो नेमका त्याच भिंतीशी जिथं माझ्या फळ्या होत्या.

सकाळी मी कारखान्यात जायला निघाले होते. भाऊ म्हणाला, ‘‘ही भंगार उचल.’’

मी म्हटलं, ‘‘संध्याकाळी आल्यावर काढते. एकेक सुटं करून काढावं लागतं.’’

‘‘आता उचल.’’

‘‘आता नाही जमणार. आणि भंगार म्हणू नकोस, जीभ हासडीन.’’

त्यानं खालच्या फळीला एक लाथ घातली. खिळे भिंतीतून उपटून आले. वरची फळी खालच्यावर, खालची जमिनीवर, आणि माझे बुरूज, पूल, तुरुंग, महाबली, मुठी, ज्वाळा, सगळं घरभर. स्वयंपाकाच्या ओट्याखाली, पलंगाखाली, वहिनीनं नुकत्याच भिजवलेल्या कणकेत. मी त्याच्या कानाखाली जाळ काढला. त्यानं माझा दंड पिरगाळला आणि मला दारावर आपटलं. ‘‘जाय, आधी कामावर जाय,’’ माय मला म्हणाली, तिचा आवाज शांत होता. ‘‘आम्ही बघी लेऊ.’’

मी गेले. डोळ्यांतून पाणी आणि मनातून शिव्या, दोन्ही चालू. दिवसभर डिझाइनमधली फुलं चुकत होती. पण मनाशी म्हणत होते की जाऊ दे, तुटलेलं काही नाही, सुटं झालंय फक्त, ठोकळेच ते, परत जोडता येतील.

संध्याकाळी आले तर घर लख्ख. जमीन धुतलेली, भिंत रंगवलेली, ओल्या चुन्याचा वास. ठोकळा औषधाला नाही. मला वाटलं पिशवीत भरून ठेवले असतील. पलंगाखाली बघितलं, माळ्यावर बघितलं. वहिनी ओट्याशी होती. तिच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं, काम नीट पार पाडल्याचं.

‘‘वहिनी, माझे ठोकळे कुठंयत?’’

‘‘दिले ना, बेन,’’ ती म्हणाली. ‘‘भंगारवाल्याला. आधी रंग वेगळे केले मी. लाल वेगळा, निळा वेगळा. त्यानं वजन केलं. पैसे आईंकडे दिले.’’

माय वं! माझ्या कानांत खालचे माग वाजायचे थांबले, एवढं मला आठवतं. रंग वेगळे केले. बाप हिऱ्यांची प्रत लावतो, त्या घरातली पोर, तिनं खाली बसून एकेक तुकडा पुसून, रंगावार लावून, प्लास्टिकच्या भावानं विकला. मी ओरडले. जे तोंडाला आलं ते बोलले. तिच्या बापापासून सुरू केलं आणि कतारगामच्या सगळ्या गल्ल्या घेतल्या. ती मागं सरकत सरकत भिंतीला लागली, नव्या चुन्याला तिची पाठ लागून साडी पांढरी झाली.

‘‘पण आईंनीच सांगितलं,’’ ती म्हणाली. ‘‘आईंनी म्हटलं, वेची टाक. मी विचारलं, सगळं? त्या म्हणाल्या, समदं.’’

गुजरातीत वेचवुं म्हणजे विकणं. वेची नाख, म्हणजे विकून टाक. आणि आपल्यात वेचणं म्हणजे खाली पडलेलं गोळा करणं, कापूस वेचतात तसं. हे माझ्या डोक्यात उतरायच्या आत दारात भाऊ उभा. त्यानं माझा आवाज जिन्यात ऐकला होता, खात्यातून तसाच वर आला होता, अंगाला कापसाचं तूस. सकाळी त्यानंच लाथ घातलेली, पण आता तो माझ्या बाजूनं होता! मारायला निमित्त मिळालं की भाऊ कुणाच्याही बाजूनं होतो.

‘‘बहिणीचं सामान विकतेस?’’ म्हणाला आणि पहिली चपराक बसली. दुसरी मुठीनं. ती खाली बसली तर त्यानं लाथ घातली. माझा राग अजून तिच्यावरच होता, त्यामुळे मला मध्ये पडायला वेळ लागला, हे खरं आहे. मग पडले. त्याच्या कमरेला विळखा घातला, त्यानं मला झटकलं.

‘‘माय!’’ मी ओरडले. ‘‘तू काय सांगितलं होतंस हिला?’’

माय कोपऱ्यात पाटावर बसून रोटाचे गहू निवडत होती. हात थांबला नाही. ‘‘मी तं सांगं, येची ले. खाले पडेल शे, येची ले. तिले आपली भाषा समजस नई तं मी काय करू? आनी माले तिन्ही समजस नई.’’

भाऊ हसला. खरंच हसला. ‘‘येचायचं सांगितलं तर विकून आली! शिकलेली बायको!’’ आणि हसता हसता त्यानं तिला केसांनी उठवलं.

पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट अडकून बसली. आमची माय जन्मात कधी ‘वेच’ म्हणाली नाही. ती ‘येच’ म्हणते. येळ म्हणते, येडी म्हणते, येलची म्हणते. आमच्या अहिराणीत ‘वे’ नाहीच, ‘ये’ आहे. वहिनीनं ऐकलं ते ‘वेची’, स्वच्छ ‘व’ लावून. आणि मायनं पैसे घेतले होते. गोळा करून ठेवलेल्या वस्तूचे पैसे येतात का? हातात नोटा आल्या तेव्हा मायला काय वाटलं, ठोकळ्यांना फळं लागली?

‘‘माय, तू पैसे घेतलेस ना? तेव्हा का नाही बोललीस?’’

माय गहू निवडत राहिली.

‘‘सोड तिला!’’ मी भावाला म्हटलं. ‘‘तिची चूक नाही. मायला सगळं ठाऊक होतं.’’

‘‘मायवर बोलू नको,’’ भाऊ म्हणाला. त्याचा हात वर होता आणि वहिनीची मान त्याच्या दुसऱ्या हातात.

आरडाओरडा ऐकून गॅलरीत माणसं जमली होती. आमच्या बाजूच्या खोलीत एक गुजराती मासी राहते, ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, ‘‘शुं थयुं?’’ काय झालं?

माय उठली. पदर सारखा केला, दाराशी गेली, आणि अर्धं दार लोटून, हातगाडीच्या काळातल्या त्या खणखणीत गुजरातीत म्हणाली, ‘‘कंई नथी, बेन. वहुए मारी छोकरीनां रमकडां वेची नाख्यां. भंगारमां.’’ काही नाही, सुनेनं माझ्या मुलीची खेळणी विकून टाकली, भंगारात.

वेची नाख्यां. ‘व’ कसा स्वच्छ! चोरानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि सांगून ती परत पाटावर येऊन बसली. तिला स्वतःला तरी कळलं का, देव जाणे. पण मला कळलं. वहिनीला कळलं, तिनं रक्तानं भरलेलं तोंड वर करून मायकडे बघितलं. आणि भावालाही कळलं. मी त्याचा चेहरा बघत होते. हात हवेत तसाच थांबला. त्यानं मायकडे पाहिलं, मायनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. मुलगा आपल्यावर हात उचलणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि त्यानं तो हात खाली आणला तो वहिनीच्या कानावर.

कळून मारलं त्यानं. आधीची मारहाण म्हणा रागाची होती, गैरसमजाची होती. ही समजून होती. उचललेला हात कुणावर तरी पडायला हवा होता आणि मायवर पडणार नव्हता, म्हणून. असा राग मला जन्मात आला नव्हता. ठोकळ्यांसाठीही नाही, नवऱ्यासाठीही नाही. ओट्यावर कुकरचं झाकण होतं. ते घेऊन मी त्याच्या कोपरावर मारलं. हाडाचा आवाज आला. तो खाली बसला. मी परत मारलं, खांद्यावर. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा मासीनं माझा हात धरला.

मायनं तेव्हा तोंड उघडलं. ‘‘मारी टाक आता भावाले! त्या खेळण्यापायी तू सासरनं नाव काढत नई. रोज ती भिंत पाडीसन बठस. मी म्हटलं, खेळणं गयं तं तू तुन्हा घर जाशी. आनी हाई,’’ वहिनीकडे बोट, ‘‘हाई हिन्हा बापनं घर जाई.’’

म्हणजे एका दगडात दोन पक्षी. मला सासरी पाठवायचं आणि तिला माहेरी हाकलायचं, आणि त्यासाठी आमच्या दोघींची भांडणं लावायची. मी चावते, मी फोडते, माझ्या वस्तूला हात लागला की मी माणसात राहत नाही, हे तिनं पोटात ठेवून हिशोब केला होता. वहिनीला मी मारीन असं तिला वाटलं असणार. भाऊ मध्ये आला नसता तर कदाचित मारलंही असतं.

वहिनीच्या कानातून रक्त वाहत होतं. मी तिला रिक्षात घातलं. भाऊ कोपर धरून घरीच बसला. पण माय काही थांबली नाही, चप्पल घालून रिक्षात आमच्या शेजारी येऊन बसली. मी ढकललं तरी उतरली नाही. सबंध रस्ताभर ती वहिनीच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मला आता कळतं, कशासाठी.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होती, गुजराती, पण मराठी समजणारी. बॅटरी लावून कान बघितला. पडदा फाटला असेल म्हणाली. मग वहिनीच्या ओठाकडे, गळ्यावरच्या बोटांच्या वळांकडे बघून विचारलं, ‘‘शुं थयुं? साचुं कहेजो.’’ खरं सांगा म्हणाली.

वहिनी म्हणाली, ‘‘दादर परथी पडी गई.’’ जिन्यावरून पडले.

मायचा हात तिच्या पाठीवर थांबला. मला तो हात ओळखीचा होता. मी सासरहून पहिल्यांदा आले होते ती मोडलेलं गळ्याचं हाड घेऊन. तेव्हा हीच माय माझ्या पाठीवर असाच हात ठेवून डॉक्टरला म्हणाली होती, पोर विहिरीच्या पायरीवरून पडली. आणि मी मान हलवली होती. महिन्याभरात तिनं मला परत सासरी पोहोचवलं होतं.

‘‘पडली नाही ती,’’ मी म्हटलं. ‘‘माझ्या भावानं मारलं. तिच्या नवऱ्यानं. मी समोर होते.’’

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं, मग वहिनीकडे. म्हणाली, तुमच्या तोंडून ऐकायला हवं. तुम्ही सांगाल तेच मी पोलिसांना कळवीन.

वहिनी खाली बघत होती. मायनं डॉक्टरकडे बघून मोडक्या हिंदीत सुरू केलं, ‘‘बाई, मेरेको गुजराती नहीं समझता. ये क्या बोली? गिर गई बोली ना?’’ तेच सोंग. भावाच्या संसाराचं, माझ्या जन्माचं, सगळ्यांचं तिनं या सोंगात गाठोडं बांधून ठेवलं होतं, आणि इथंही तेच पुढं करत होती. मला वाटलं, वहिनी आता मान हलवणार. मी हलवली होती तशीच. ती एकदा ‘हो’ म्हणाली असती तर महिन्याभरात पुन्हा त्याच घरात, त्याच हाताखाली गेली असती.

वहिनीनं मायचा हात पाठीवरून काढला. हळूच काढला, झटकला नाही. मग वळून तिच्या तोंडासमोर तोंड नेलं. फाटलेल्या ओठानं, मोबाइलवर शिकलेल्या त्या मराठीत, एकेक शब्द नीट लावून ती म्हणाली, ‘‘आई, तुम्हाला गुजराती समजत नाही ना? म्हणून तुमच्या भाषेत सांगते. मी पडले नाही. तुमच्या मुलानं मला मारलं. तुम्हाला ते आवडत होतं.’’